पिल्लू गेलं, आता घरच्या बोक्याचं काय?

प्रश्न : पार्किंगमध्ये भिजलेलं दीड महिन्याचं पिल्लू आम्ही घरी आणलं आणि बाथरूममध्ये वेगळं ठेवलं. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, तिसऱ्या दिवशी ते गेलं. डॉक्टरांनी पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या संसर्गजन्य आजाराचं निदान केलं. आमच्या तीन वर्षांच्या बोक्याला लहानपणी ट्रायकॅट या लसीचा एकच डोस दिला होता. दोघांची गाठ पडली नाही. फरशी फिनाइल आणि डेटॉलने पुसली. एवढं पुरे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. या आजाराला गाठ पडावी लागत नाही. हा मांजरांचा पार्व्हो विषाणू. तो विष्ठा-उलटीतून बाहेर पडतो आणि चप्पल, पायपुसणं, पिल्लाला धरलेल्या हातांवरून घरभर फिरतो. घरात तो वर्षभरही तग धरू शकतो.

आधी बोक्याचं लसीचं कार्ड काढा आणि तो डोस कितव्या आठवड्यात दिला ते बघा. सोळा आठवड्यांनंतर दिला असेल तर बरीच आशा आहे. आठव्या-नवव्या आठवड्यातला असेल तर त्याच्यावर विसंबू नका. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारद्रव्यं तोवर पिल्लाच्या अंगात असतात आणि लसच निकामी करतात. म्हणून तर दर 3-4 आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत डोस द्यायचे असतात. बोका ठणठणीत असेल तर आजच लस द्या. संसर्ग आधीच झाला असेल तर ती कदाचित उशिरा पोचेल, पण नुकसान काही नाही. दवाखान्यात आधी फोन करून सगळं सांगा, म्हणजे बोक्याला इतर मांजरांमध्ये बसवणार नाहीत.

लक्षणं साधारण 2 ते 10 दिवसांत दिसतात. तुम्ही शेवटच्या संपर्कापासून 14 दिवस मोजा. रोज खाणं वजन करून द्या, उरलेलं पुन्हा तोला. जुलाबांची वाट पाहत बसू नका, ते उशिरा लागतात, कधी लागतही नाहीत. खाणं टाकणं, कोपऱ्यात दबून बसणं, पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसणं पण पाणी न पिणं, ही खरी धोक्याची खूण. ताप 103 फॅरनहाइटच्या वर गेला किंवा एका दिवसात दोन उलट्या झाल्या तर थेट डॉक्टर. रक्तात पांढऱ्या पेशी घटल्यात का ते पाहतील. विष्ठेच्या चाचणीवर लसीनंतर काही दिवस आजार नसतानाही पुसट रेघ येऊ शकते, म्हणून लसीची तारीख सांगायला विसरू नका. घरातलं पॅरासिटामॉल मात्र चुकूनही नको, मांजराला ते विष आहे.

आता फरशी. फिनाइल आणि डेटॉल या विषाणूवर भरवशाचे नाहीत, शिवाय पंजे चाटणाऱ्या मांजराला बाधतात. ते साबणाच्या पाण्याने पूर्ण धुऊन काढा. घाण राहिली तर पुढचं ब्लीच वाया जातं. मग 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं ब्लीच, एक लिटर पाण्यात 30 मिली. फरशी 10 मिनिटं ओली राहिली पाहिजे, लगेच पुसली तर उपयोग नाही. नंतर साध्या पाण्याने धुवा. द्रावण रोज ताजं करा, खिडकी उघडी ठेवा, आणि त्यात ॲसिड किंवा व्हिनेगर मिसळू नका, विषारी वायू होतो. पिल्लाचा लिटर ट्रे, चादर, पुठ्ठा फेकून द्या. सोफा-गादीला ब्लीच चालत नाही, ही अडचण खरी आहे. बोक्याला त्या खोलीत सोडू नका.

माणसांना हा आजार होत नाही.

प्रश्न : आमचं पिल्लू याच आजाराने पाच महिन्यांपूर्वी गेलं. दुसरं आणायचं आहे. किती थांबू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दिवस मोजून खात्री होत नाही. सोळा आठवड्यांनंतरचा डोस होऊन दोन आठवडे उलटलेलं मांजर आणा. दीड-दोन महिन्यांचं पिल्लू या घरात सध्या नकोच.