आईसाठी ‘ॲनाटॉमिकल’ सांधा बसवावा की ‘रिव्हर्स’?

वय 72, डावा खांदा, दोन सर्जनची दोन मतं, दोन्ही इम्प्लांटच्या किमती, सगळं लिहिलंत. रोटेटर कफची, म्हणजे खांद्याभोवतीच्या चार स्नायूंच्या वेढ्याची, अवस्था मात्र प्रश्नात कुठेच नाही, आणि निवड ठरते ती त्यावरच. ‘देवाने दिलाय तसाच सांधा बरा, उलटा कशाला?’ हे तुमच्या मामांचं म्हणणं बाजूला ठेवा. फिजिओथेरपीत ते ऐकून ऐकून कान किटलेत.

ॲनाटॉमिकलमध्ये दंडाच्या हाडावर धातूचा गोळा आणि स्कॅप्युलाकडे (खांद्याच्या पात्याकडे) पॉलिथिलीनची, म्हणजे प्लास्टिकची, वाटी. गोळा वाटीच्या मध्यावर धरून ठेवतात ते कफचे चार स्नायू. ते फाटलेले असले की हात उचलताना डेल्टॉइड, म्हणजे खांद्यावरचा मोठा स्नायू, गोळ्याला वर ओढतो, वाटीच्या वरच्या कडेवर दाब येतो आणि खालची कड उचकटते. रोज हेच होत राहिलं की वाटी सैल होते. याला ‘रॉकिंग हॉर्स’ म्हणतात. एवढी ‘नैसर्गिक’ शस्त्रक्रिया करून बाई पुन्हा टेबलावर.

रिव्हर्समध्ये गोळा स्कॅप्युलाला आणि वाटी दंडाला. फ्रान्समधल्या दिजाँ शहरातले सर्जन पॉल ग्रामाँ यांनी 1985 च्या सुमारास ही रचना पुढे आणली, तीच मुळी कफ गेलेल्या खांद्यांसाठी. फिरण्याचा केंद्रबिंदू आत आणि खाली सरकतो, डेल्टॉइडला लांब तरफ मिळते आणि कफ नसतानाही तो हात वर नेतो. मात्र डेल्टॉइड आणि त्याला चालवणारी ॲक्झिलरी नर्व्ह शाबूत हवी.

आता फाइल उघडा. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत दंडाच्या हाडाचा गोळा आणि ॲक्रोमियन (खांद्याच्या वरचं हाडाचं टोक) यांच्यातलं अंतर 7 मिमीपेक्षा कमी असेल तर कफ मोठा फाटलाय असं धरून चाला. एमआरआयमध्ये स्नायूंत चरबी किती भरलीय ते बघा. ही चरबी गुटालिए ग्रेडमध्ये मोजतात; ती 3 किंवा 4 असेल तर तो कफ शिवूनही फारसं काही साधत नाही. सीटीत स्कॅप्युलाची मूळ वाटी मागच्या बाजूने खूप झिजलेली दिसली, तर कफ चांगला असूनही या वयात बरेच सर्जन रिव्हर्सकडे झुकतात. सीटी न काढताच मत दिलं असेल तर आधी सीटी काढून घ्या.

‘रिव्हर्समध्ये हात मागे जात नाही’ ही तुमची भीती अर्धी खरी आहे. डोक्यापर्यंत हात सहसा जातो, पाठीमागे कमी जातो. आपल्याकडे धुवायला डावा हात लागतो, त्यामुळे डाव्या खांद्याला हे फार महत्त्वाचं. जेट स्प्रे शस्त्रक्रियेआधीच बसवा आणि उजव्या हाताची सवय लावायला सांगा. अंबाडा घालायला हात वर नेऊन बाहेर वळवावा लागतो. तेरेस मायनर हा कफचा मागचा स्नायूही गेला असेल तर ते जमत नाही, म्हणून त्याबद्दल सर्जनना नाव घेऊन विचारा. जमिनीवर किंवा खुर्चीच्या हातावर तळहात टेकून उठणं बंद, सुरुवातीचे तीन महिने तर अजिबात नाही. कोपर शरीरामागे, हात आत वळलेला आणि त्यावर वजन, अशाच वेळी रिव्हर्स निखळतो.

ॲनाटॉमिकलचे पहिले सहा आठवडे वेगळे. आत शिरताना सबस्कॅप्युलॅरिस हा कफचा पुढचा स्नायू सोडवून पुन्हा शिवलेला असतो, त्यामुळे हात बाहेर वळवणं सर्जननी ठरवलेल्या मर्यादेतच. शेजारच्या काकू ‘मोकळा करून देते’ म्हणत हात ओढायला आल्या तर त्यांना चहा द्या, हात देऊ नका.

राहिलं एक. मधुमेह असेल आणि एक्स-रेत सांध्याची फट चांगली दिसत असेल, तर हा फ्रोझन शोल्डर (आखडलेला खांदा) असू शकतो. मग दोन्ही सांधे नकोत. आणि कफ शाबूत, वाटी चांगली असेल तर ॲनाटॉमिकलमध्ये हात जास्त वळतो, हेही मान्य. मामांना एवढंच सांगा, बाकीचं नको.