एक्झिटची सोय कोणासाठी?

महोदय,

आपली कन्या पुण्यातील अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय सरकारनेच केली आहे’, म्हणून तिने यंदा थांबावे, बँकेच्या परीक्षेची तयारी करावी आणि तिच्या शिक्षणाचा वाचलेला खर्च धाकट्या मुलाच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी वापरावा, असे आपण ठरवले आहे. आपण विचारली आहे ती फक्त पदविकेची प्रक्रिया. तिला पहिल्या वर्षी उत्तम गुण मिळाल्याचे आपण कौतुकाने लिहिता आणि पुढच्याच वाक्यात तिचे शिक्षण थांबवता. तिला स्वतःला काय हवे आहे, याविषयी मात्र पत्रात एक ओळही नाही. मला काळजी वाटली ती याचीच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जुलै २०२० मध्ये मंजूर झाले आणि आपल्या राज्यातील संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून लागू झाले. त्याआधी आजारपणामुळे किंवा पैशांअभावी दोन वर्षांनी शिक्षण सोडावे लागलेल्या विद्यार्थ्याच्या हाती गुणपत्रिकांखेरीज काही उरत नसे. त्याचे श्रम वाया जाऊ नयेत आणि मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) जमा राहून त्याला परत येता यावे, यासाठी या धोरणात एक्झिटची, म्हणजे मध्येच बाहेर पडण्याची तरतूद आली. परिस्थितीने अडलेल्या मुलांसाठी केलेली ही सोय, शिकत असलेल्या मुलीला थांबवण्यासाठी वापरणे मला अन्यायाचे वाटते आणि ते मी स्पष्टपणे सांगतो.

शिवाय आपल्या योजनेचा पायाच एका गैरसमजावर उभा आहे. पदविका म्हणजे पदवी नव्हे. सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या लिपिक आणि अधिकारी या दोन्ही परीक्षांना पदवी लागते, त्यामुळे यंदा थांबल्यास ज्या परीक्षेसाठी तिला थांबवायचे, त्याच परीक्षेला ती अपात्र ठरेल. पदविकाही आपोआप मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार किमान ८० श्रेयांकांबरोबर उन्हाळी सुट्टीत ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तीन वर्षांच्या आत परतण्याची आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करण्याची मुभा आहे खरी, परंतु नोकरीचा शोध आणि लग्नाची बोलणी सुरू झालेल्या घरातून मुलगी पुन्हा वर्गात येणे किती अवघड असते, हे आपणही जाणता.

आता पैशांविषयी. बी.ए.चे एका वर्षाचे शुल्क वाचवून अभियांत्रिकीच्या शुल्काचा किती भाग भरून निघेल, याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. मुलासाठी साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळू शकते, त्याची बँकेत चौकशी करावी. कन्येच्या महाविद्यालयात ‘कमवा व शिका’ योजना असल्यास तीही विचारात घ्यावी. तिसरे वर्ष पूर्ण होताच तिला पदवी मिळेल. चौथे वर्ष ऐच्छिक आहे आणि ते केल्यास पुढे एम.ए. एका वर्षात होते.

पदविकेचा अर्ज कसा करावा, हे मी आपल्याला सांगणार नाही. पुढचे पत्र तिला लिहू द्यावे आणि ते आपण आधी वाचू नये, अशी माझी विनंती आहे. तिला अर्थशास्त्रात पुढे जायचे आहे, बँकेत जायचे आहे की आणखी काही करायचे आहे, हे तिच्याकडून कळल्यावर मी तिलाच सविस्तर उत्तर देईन.