‘सुंदर’ला थोडी सुट्टी द्या

तुमचा उतारा वाचला. चार ओळींत ‘सुंदर’ तीनदा! संध्याकाळ सुंदर, डोळे सुंदर, घरही सुंदर. वाचणाऱ्याला त्यातून दिसत काहीच नाही, तुम्हाला आवडलं एवढंच कळतं.

मराठीत छटा दाखवणारे शब्द ढिगाने आहेत, ते वापरा. पण जपून. केस काळेभोर असतात, अंधार काळाकुट्ट. अदलाबदल केलीत तर केसांचीच भीती वाटेल. ओठ लालचुटुक म्हटले तर गोड वाटतात, लालभडक म्हटलं की रंग फासल्यासारखे. हा फरक वाक्य मोठ्याने वाचलं की कानालाच कळतो.

दोन विशेषणं शेजारी ठेवलीत तर दुसरं काही नवं सांगतंय का, ते बघा. ‘शांत, नीरव रात्र’ यात एक फुकट बसलंय. कधीकधी तर विशेषणच नको असतं: ‘म्हातारा थकलेला होता’ यापेक्षा ‘म्हातारा दर तीन पायऱ्यांनी थांबत होता’ हे बरं. आणि हो, ‘अत्यंत’ दिसला की मी तरी आधी तो खोडतो.

सुधारून पुन्हा दाखवा. त्या संध्याकाळचा रंग नेमका कोणता होता, ते मला वाचायचंय.