मी काहीच टाइप केलं नाही, तरी आयआरसीवर समोरच्याला माझ्या चॅट प्रोग्रामचं नाव आणि आवृत्ती कशी कळली?

तुमच्याच प्रोग्रामने सांगितली, तुम्हाला न विचारता. यात हॅकिंग वगैरे काही नाही.

आयआरसी, म्हणजे इंटरनेटवर मजकुराने गप्पा मारायची जुनी सोय, 1988 मध्ये फिनलंडमध्ये यार्को ओइकारिनेन यांनी लिहिली. सगळा कारभार साध्या मजकुराचा: एक ओळ म्हणजे एक संदेश, फार तर 512 बाइटचा. दोन प्रोग्रामांनी आपसात बोलावं म्हणून वेगळी वाट नव्हतीच. मग नेहमीच्या संदेशातच सोय झाली. मजकुराच्या मागेपुढे आस्की (अक्षरांना क्रमांक देणारी यादी) मधलं क्रमांक 1 चं, पडद्यावर न उमटणारं कॅरेक्टर लावायचं. ते दिसलं की प्रोग्राम तो मजकूर आज्ञा म्हणून वाचतो. याला सीटीसीपी म्हणतात. तुमच्याकडे अशीच ‘व्हर्जन’ नावाची आज्ञा आली असणार.

मला यातली आवडणारी गोष्ट अशी, की विचारणा साध्या खासगी संदेशाच्या प्रकारात जाते आणि उत्तर ‘नोटीस’ प्रकारात येतं. नोटिशीला आपोआप उत्तर द्यायचं नाही, हा आयआरसीचा नियमच आहे. नाहीतर दोन प्रोग्राम एकमेकांना उत्तरं देत बसले असते. ‘पिंग’ ही दुसरी आज्ञाही तितकीच साधी: विचारणारा स्वतःच्या घड्याळाची वेळ पाठवतो, समोरचा ती जशीच्या तशी परत करतो, वजाबाकी केली की जाण्यायेण्याचा वेळ मिळाला. ‘अमुक हात हलवतो’ अशी जी ओळ चॅटमध्ये दिसते, तीही सीटीसीपीच, ‘ॲक्शन’ नावाची. एखाद्या जुनाट प्रोग्रामला ती कळत नाही, मग तिथे एक विचित्र चौकोन आणि पुढे तो शब्द उघडा पडतो.

जपायचं ते डीसीसीपासून, म्हणजे दोन कॉम्प्युटरांमध्ये थेट जोडणी करणाऱ्या आज्ञेपासून. फाइल थेट पाठवताना त्या आज्ञेत तुमचा आयपी पत्ता जातो, तोही एकाच लांबलचक आकड्यात. 192.168.1.10 हा पत्ता 3232235786 असा दिसतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

नव्या आयआरसीव्ही3 मध्ये असली माहिती ‘टॅग’ म्हणून संदेशाच्या आधी, @ चिन्हानंतर येते: संदेशाची वेळ, कोणी टाइप करतंय का, वगैरे. ही पद्धत कितीतरी स्वच्छ आहे.

आणि हो, हे ‘लपलेलं’ फक्त तुमच्या पडद्यापुरतं. सर्व्हरला सगळं दिसतं. व्हर्जनचं उत्तर द्यायचं नसेल तर प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये सीटीसीपी शोधा, बहुतेक ठिकाणी ते बंद करता येतं.