दूध-तुपाशिवाय मुलांचं ताट: वाचकांची प्रश्नोत्तरे

आम्ही घरी पूर्ण व्हीगन आहोत, म्हणजे दूध-तुपासकट प्राण्यांपासून मिळणारं काहीच खात नाही. दीड वर्षाच्या मुलीलाही भाज्यांचं सूप, फळं, मोडाची कडधान्यं आणि हातसडीचा भातच देतो. तेल अजिबात नाही. चार महिने झाले, तिचं वजन हललेलं नाही. काय चुकतंय? – एक आई, पुणे

आधी तिला बालरोगतज्ज्ञांना दाखवा. या वयात चार महिने वजन न वाढणं ही वाट बघण्याची गोष्ट नाही.

आता ताटाविषयी. तुम्ही देता ते पदार्थ चांगलेच आहेत, पण त्यात पाणी आणि कोंडा खूप, उष्मांक कमी. एवढ्याशा पोटात सूप गेलं की जेवणाला जागा उरत नाही. तेल टाळण्याचा नियम मोठ्यांच्या वजनासाठी आणि कोलेस्टेरॉलसाठी असतो. दोन वर्षांखालच्या मुलांच्या जेवणातली स्निग्धता कमी करायची नसते, मेंदूच्या वाढीला ती लागते. सूप काही दिवस बंदच ठेवा. मऊ मूगखिचडी करा, तांदूळ साधा आणि डाळ सालं काढलेली चालेल. तिच्यावर चमचाभर शेंगदाण्याचं तेल आणि दाण्याचं कूट घाला. नाचणी सत्त्वाची खीर नारळाच्या दुधात, खजूर वाटून घालून करा. मेतकूट-भातावर तुपाऐवजी तिळाचं तेल घाला. उसळ नीट शिजवून, चेचून द्या. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं भरवा. अंगावर पीत असेल तर दोन वर्षांपर्यंत आणि नंतरही खुशाल पाजा. अख्खे शेंगदाणे, बदाम, काजू मात्र पाच वर्षांची होईपर्यंत नकोत, घशात अडकतात. कूट करूनच द्या.

सालासकट, कोंड्यासकट खाण्याचा आग्रह मोठ्यांनी स्वतःसाठी जरूर धरावा. मुलांचं पोट मात्र आधी भरलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलं इडली, डोसा असं आंबवलेलं खातात, वर स्पिरुलिना ही शेवाळाची पूड देतो. तरीही बी-१२चं औषध द्यायलाच हवं का? – एक वडील, नाशिक

हो, यात तडजोड नाही. बी-१२ हे जीवनसत्त्व जिवाणू बनवतात, वनस्पतींमध्ये त्याचा भरवशाचा साठा नसतो. स्पिरुलिनात दिसतं ते बहुतांशी शरीराला न वापरता येणारं रूप आहे. इडलीच्या पिठावरही विसंबता येत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न व्हीगन लोकांपुरता नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांच्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश जणींच्या रक्तात बी-१२ कमी होतं, आणि त्या काही व्हीगन नव्हत्या. दूधही नसलेल्या घरात औषधाशिवाय भागेल, ही आशा सोडा. अंगावर पाजणाऱ्या आईत कमतरता असेल तर बाळ मलूल होतं, हसणं, मान धरणं अशा शिकलेल्या गोष्टी विसरतं, कधी हातपाय थरथरतात. वेळेत उपचार झाला तर पुष्कळ सुधारणा होते, उशीर झाला तर काही नुकसान राहून जातं.

आणखी एक धोका आहे. पालेभाज्या आणि कडधान्यांतून फोलेट हे ब गटातलं दुसरं जीवनसत्त्व भरपूर मिळतं. त्यामुळे बी-१२ कमी असूनही रक्त ठीक दिसतं आणि इजा मज्जातंतूंना होत राहते. म्हणून केवळ हिमोग्लोबिन पाहून समाधान मानू नका. थेंब किंवा सिरप किती द्यायचं हे वयानुसार डॉक्टर ठरवतील. गरोदर किंवा पाजणाऱ्या आईनेही स्वतःसाठी घ्यावं.

सगळ्या जेवणात सैंधव वापरतो. मुलांना चालेल? – सांगली

नको. साध्या सैंधवात पुरेसं आयोडीन नसतं, आणि दूध-मासे नसलेल्या ताटात ते मिळायचं मुख्य ठिकाण मीठच. आयोडीनयुक्त मीठ वापरा, तेही बेतानं.

नातू सहा वर्षांचा. सून दुधाचा थेंब देत नाही. हाडं कशी बळकट व्हायची? – एक आजी, सातारा

आजी, तुमची काळजी योग्य आहे. या वयाला दिवसाला साधारण ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास असतं, म्हणजे पन्नास ग्रॅम पिठाच्या भाकरीतून पावणेदोनशे. सालासकट तिळाची दोन चमचे चटणी झाली की आणखी शंभरावर. वरणात मूठभर शेवग्याचा पाला घाला. पालकावर मात्र भिस्त ठेवू नका, त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही.

एवढं रोज पोटात जाईलच असं नाही, म्हणून सुनेला कॅल्शियम घातलेलं, बिनसाखरेचं सोया दूध आणायला सांगा. बदामाचं दूध महाग, आणि त्यात प्रथिनं नावालाच. ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारा.

नातवाला चोरून दूध देऊ नका. पोरगं दोघींच्या मध्ये सापडतं आणि जेवणच नकोसं करून घेतं. त्यापेक्षा अळिवाचे लाडू, भाजणीचं थालीपीठ, डांगर तुमच्या हातचं करून घाला.

शाळेच्या डब्याला रोज काय द्यावं? मुलगा आठ वर्षांचा. – ठाणे

मटकीची कोरडी उसळ आणि पोळी, पिठल्याचा रोल, टोफूची भुर्जी, मूगडाळीचं धिरडं आणि खोबऱ्याची चटणी, दाण्याची चटणी लावलेली बाजरीची भाकरी. उसळीवर लिंबू पिळा किंवा डब्यात पेरूची फोड ठेवा. क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह जास्त शोषलं जातं. जेवणासोबत चहा देत असाल तर तो बंद करा, चहा हेच लोह अडवतो.

वाढदिवसाच्या केकचं आधीच ठरवून ठेवा. वर्गशिक्षिकांकडे तीळगुळाच्या वड्यांचा छोटा डबा देऊन ठेवता येतो. आणि एखाद्या दिवशी त्याने मित्राचा केक खाल्लाच, तर घरी आल्यावर त्याची झडती घेऊ नका.