जुन्या गाडीचा कारखान्यातला मूळ रंग कसा ओळखावा?

आपण लिहिले आहे की आजोबांची १९७० च्या आधीची फियाट देवगडला शेडमध्ये उभी आहे, तिच्यावर आजवर बरेच रंग चढले आहेत, घरातला प्रत्येक जण वेगळा रंग सांगतो, आणि आपल्याला ती मूळ रंगात रंगवून घ्यायची आहे. घरातल्यांना विचारणे आजपासून बंद करावे आणि फोटोंचा अल्बम कपाटात ठेवून द्यावा, हे माझे पहिले सांगणे. मूळ रंग गाडीवरच कुठेतरी शिल्लक असतो.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो, त्याला कारण आमची वेंगुर्ल्याची गाडी आहे. ती १९६७ ची फियाट ११०० डिलाइट, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार झालेली. पुढे पद्मिनी या नावाने जी विकली गेली, तिचीच थोरली बहीण. वडिलांच्या पश्चात ती दुरुस्त करून घ्यायचे ठरले, तेव्हा आमच्या थोरल्या चुलतभावांनी, ज्यांना घरात सगळे दादा म्हणतात, गाडी मुळात बदामी होती असे जाहीर केले आणि पुरावा म्हणून एक जुना रंगीत फोटो पुढे केला. लग्नाच्या मांडवाशी उभी असलेली गाडी त्या फोटोत बदामी दिसते, हे खरे आहे. परंतु त्याच फोटोत काकांचा पांढरा सदरा गुलाबी आणि मागच्या माडाच्या झावळ्या तपकिरी दिसतात, याकडे दादांनी लक्ष दिले नाही. त्या काळच्या रंगीत फोटोंमधले निळसर हिरवे रंगद्रव्य बंद अल्बमच्या अंधारातही इतरांच्या आधी विरते, त्यामुळे सगळे चित्र तांबूस होत जाते, आणि आपल्याकडच्या दमट हवेत हे अधिकच लवकर घडते. एवढे समजावून सांगितल्यावर दादांनी विचारले, "मगे फोटो खोटा बोलता काय?" नोंदणीपुस्तकात 'ग्रे' असे लिहिले होते, ते त्यांच्या मते कारकुनाने न बघता लिहिले होते.

शेवटी समोरच्या काचेचे रबर काढले, डॅशबोर्डच्या मागची बाजू उघडी केली आणि डिक्कीच्या बीडिंगखालचा पत्रा पुसून घेतला. रंग पुन्हा काढताना पेंटर या जागांच्या वाटेला सहसा जात नाहीत, आणि ऊनही तिथे पोहोचत नाही. तिन्ही ठिकाणी एकच निळसर राखाडी रंग निघाला. त्यावर दादांचे म्हणणे असे की हा रंग नव्हेच, हा प्रायमर. हा आक्षेप मात्र विचारात घेण्यासारखा होता, कारण राखाडी प्रायमर सर्रास वापरला जातो आणि अनेकांची तिथे फसगत होते. म्हणून छपराच्या कडेला, रुपयाएवढ्या जागेवर, पाणी घालत आधी सहाशे, मग हजार आणि शेवटी दोन हजार नंबरचा वॉटर पेपर फिरवला. असे हलक्या हाताने उतरते घासले की प्रत्येक थराचे एक कडे दिसू लागते: सर्वांत बाहेर अलीकडचा रंग, आत त्याखालचे, आणि मध्यभागी पत्रा. आमच्या कड्यांमध्ये पत्र्यालगत तांबडा प्रायमर होता, त्यावर निळसर राखाडी, आणि त्यानंतर गॅरेजांनी चढवलेले रंग. घासलेला भाग पांढुरका दिसतो, म्हणून त्यावर रबिंग कंपाउंड फिरवले. प्रायमर कितीही घासला तरी मंदच राहतो आणि पाणी पितो. आमचा राखाडी थर चकाकला. पेंटर म्हणाला, "हो रंग कंपनीचो, आमचो नाय." दादा उठून आत गेले.

वाद तेवढ्यावर मिटला नाही. दाराच्या आतल्या पुठ्ठ्याखाली तोच रंग किंचित हिरवट दिसत होता, आणि तेवढ्या आधारावर दादा बदामीवरून पिस्त्यावर आले. एनॅमल रंग अनेक वर्षे अंधारात राहिला की पिवळसर होतो, आणि निळसर रंगावर पिवळी झाक चढली की तो हिरवट भासतो. डेंटिंगसाठी काढलेले ते दार काही आठवडे पडवीच्या उजेडात राहिले, तेव्हा हिरवट झाक पुष्कळशी ओसरली. रबराखालचा रंग पेंटरला दाखवण्यापूर्वी तो तुकडा उजेडात ठेवावा, हे त्यामुळेच सांगतो आहे.

आपल्या गाडीपुरते सांगायचे तर घासण्याची जागा बॉडीच्या सांगाड्यावरच निवडावी. दारे, मडगार्ड आणि बॉनेट जुन्या गाड्यांमध्ये हमखास दुसऱ्या गाडीचे असतात आणि त्यांच्यावरचा सर्वांत खालचा रंग त्या दुसऱ्या गाडीचा असतो. जिथे रंगाखाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली सापडेल, ती जागा सोडून द्यावी. पांढऱ्या फडक्यावर एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) थिनर घेऊन पुसल्यास गॅरेजमध्ये मारलेला ड्युको, म्हणजे न भाजता हवेत वाळणारा रंग, विरघळून फडक्याला लागतो, आणि भट्टीत भाजलेला एनॅमल तसा सहज सुटत नाही, ही आणखी एक खूण. छपरावर पिवळा आणि खाली काळा निघाला, तर आजोबांच्या आधी गाडी मुंबईत टॅक्सी होती असे समजावे आणि घरात त्याची वाच्यता करू नये.

गाडी इंग्लंडमध्येच बांधून आलेली मॉरिस किंवा ऑस्टिन असती, तर गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून, नोंद उपलब्ध असल्यास, मूळ रंगासह दाखला मिळवता आला असता. कुर्ल्याच्या गाडीला तो मार्ग नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: जुन्या रंगांत शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासू नये, मुलांना जवळ येऊ देऊ नये आणि घासलेले पाणी विहिरीकडे वाहू देऊ नये. शिवाय सापडलेला रंग पेंटरकडून आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारून घ्यावा आणि उघड्या उजेडात ताडून पाहावा. गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर आल्यावर जुळेलच असे नाही.

दादांचा शेवटचा युक्तिवाद असा होता की व्हिंटेज नोंदणीला रंग लागतच नाही, मग एवढा खटाटोप कशाला. २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाची जी व्याख्या आहे, तिच्यात चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांतल्या फेरफारांचा उल्लेख आहे, रंगाचा नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु व्हिंटेज गाड्यांचा 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळेल की नाही, हा आमच्या घरात प्रश्नच नव्हता. गाडी बदामी होती का, हा प्रश्न होता. आणि ती बदामी नव्हती.