पुण्याहून कन्याकुमारीपर्यंत मोटारीने जाताना वाटेतील ठिकाणे कशी निवडावीत?
ठिकाणांची यादी करण्याआधी रोज किती तास गाडी चालवणार हे ठरवावे, कारण दिवसाला पाच-सहाशे किलोमीटर कापायचे असतील, तर संध्याकाळी लेणी चढण्याइतका उत्साह कोणाच्याच अंगात उरत नाही. माझ्या मते हुबळीला महामार्ग सोडून बदामीला दोन मुक्काम करावेत. तेथील तिसऱ्या लेण्यात शके ५००, म्हणजे इ. स. ५७८ मधील शिलालेख आहे आणि नीट निरखून पाहिल्यास भित्तिचित्रांचे पुसट रंगही दिसतात. मात्र हातात खाऊची पिशवी ठेवू नये, माकडे ती हिसकावून घेतात. जागतिक वारसा यादीतील पट्टदकल आणि त्यापुढचे ऐहोळे ही दोन्ही एका दिवसात होतात. हंपीला अर्धा दिवस देऊन काहीच साधत नाही, तेव्हा सवड नसेल तर ती सरळ वगळावी. चित्रदुर्गचा किल्ला महामार्गालगतच असल्याने दोन-तीन तासांत पाहून होतो. मदुराईचे मीनाक्षी मंदिर दुपारी काही तास बंद असते, म्हणून तेथे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पोहोचता येईल असा बेत आखावा. बंगळूर मी तरी बाहेरूनच ओलांडेन.